कवीला मारलेल्या तीन हाका

नाटकात माझं काम एवढंच होतं: म्हातारं दिसायचं, दोन गाणी म्हणायची आणि शेवटी तीन हाका मारायच्या. म्हातारं दिसायला काही करावं लागत नव्हतं, अठ्ठावन्न सरली होती. गाण्यांचंही भय नव्हतं. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात बावीस वर्षं चाल मीच उचलते. हाकांनी मात्र मला घाम फोडला. त्यांच्यापायी घरात महिनाभर अबोला झाला, आणि अकोल्याच्या प्रयोगात जे झालं ते झालं. त्याला काय म्हणावं हे मला अजून नीट कळलेलं नाही. लिहून काढलं तर कळेल असं वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे.

अमरावतीत आमचं फुलांचं दुकान आहे. दीर तिवशाकडे शेवंती, झेंडू आणि निशिगंध लावतात. माल सकाळी येतो, हे पुढे बसून गिऱ्हाईक बघतात आणि मी मागे बसून हार ओवते. 'हे' म्हणजे आमचे हे. या लिखाणात ते शेवटपर्यंत 'हे'च राहणार आहेत, का ते पुढे येईलच. हार ओवताना मला गुणगुणायची सवय आहे. दिवाळीच्या आधी एक तरुण मास्तर हार घ्यायला आला आणि हार पुड्यात बांधून झाला तरी हलेना. कॉलेजात शिकवतो, नाटकं बसवतो म्हणाला. सध्या एका कवीच्या प्रेमाचं संगीत नाटक बसवतोय, त्यात एक म्हातारी आहे, तिला अगदी असाच आवाज हवा. यांनी माझ्याकडे पाहिलं, "जायाचं असंन त जाय" म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. यांच्या बोलण्यातला होकार आणि टोमणा मला छत्तीस वर्षांच्या संसारात वेगळा ओळखता आलेला नाही. मी होकार धरला.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या, संध्याकाळी सहा ते आठ. मी सगळ्यांची काकू झाले. पहिले आठ दिवस मला नाटकच कळेना. गोष्ट अशी: एका देशात क्रांती चालू आहे. कोणता देश, ते दिग्दर्शक, म्हणजे तो मास्तर, सांगत नव्हता; कोणताही समजा म्हणायचा. त्या देशात एक कवी आहे, तो क्रांतीची गाणी लिहितो, आणि त्याचं प्रेम बसलं आहे ते नेमकं शहरकोतवालाच्या मुलीवर. शेवटी लोक चौकात जमतात, कवी गात गात पुढे होतो आणि गोळी लागून पडतो. मुलगी त्याच वेळी बापाचं घर सोडून निघालेली असते. ती पोहोचते तेव्हा चौक रिकामा. ती मुलगी पुढे म्हातारी होते, म्हणजे मी होते, आणि पन्नास वर्षांनंतरही त्या चौकात येऊन त्याला हाक मारते.

तरुणपणची मुलगी एका नर्सिंगच्या पोरीनं केली होती. काही प्रवेशांत आम्ही दोघी एकाच वेळी स्टेजवर असायचो, ती त्या टोकाला, मी या टोकाला, आणि एकमेकींना दिसत नाही असं समजायचं. मी एकदा तिच्याकडे पाहून हसले तर दिग्दर्शक चिडला. स्वतःकडे पाहून माणूस हसत नाही, म्हणाला. मी तर रोज आरशात पाहून हसते, पण वाद घातला नाही. एकदा विचारलं, मग शेवटी क्रांती झाली का? तो म्हणाला, ते महत्त्वाचं नाही. मला तर तेच महत्त्वाचं वाटत होतं. एवढा जवान पोरगा गेला, निदान त्याच्या जाण्याचं काही चीज झालं का हे बघणाऱ्याला कळायला नको? दिग्दर्शक केसांतून हात फिरवायचा आणि म्हणायचा, काकू, तुमी फक्त हाक मारा.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. कवीचं नाव यांचंच होतं.

आमच्या पिढीत दर गल्लीत एक तरी सापडेल असं नाव, हल्ली कोणी ठेवत नाही. दिग्दर्शकाला जुन्या वळणाचं काही हवं होतं, त्याला ते सापडलं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझ्या आईनं मला सांगितलं होतं. माझा त्यावर विश्वास नाही, उलट असल्या गोष्टींची मला चीड येते. माझी सून माझ्या मुलाला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाका मारते, अरे-तुरे करते, आणि तो ठणठणीत आहे. मला ते ऐकायला गोडच वाटतं. यांचं नाव मी फॉर्मांवर लिहिते, दुकानाच्या पाटीवर रोज वाचते. हळदीकुंकवाला उखाण्यातही घेतलं आहे, दोन ओळी जुळवून, बायकांच्या घोळक्यात. पण नुसतं, सुटं, कोणाला बोलवायचं म्हणून ते नाव माझ्या तोंडून कधी निघालेलं नव्हतं. मी म्हणते, "आयकलं काय?" स्वयंपाकघरातून म्हणते, दुकानाच्या मागून म्हणते, परतवाड्याच्या बाजारात गर्दीत हे पुढे गेले तरी तेच म्हणते. शंभर माणसं असली तरी मान यांचीच वळते.

विश्वास नाही, तर मग जीभ का वळत नाही? हेच मला कळेना. मोरीत नळ मोठा सोडून प्रयत्न केला. पहिलं अक्षर आलं, पुढचं आलंच नाही. दुपारी घरात कोणी नसताना देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हणायला गेले आणि भलतंच स्तोत्र म्हणून बसले. स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं भजनं म्हटली, देवाची हजार नावं तोंडपाठ, आणि घरातल्या माणसाचं एक निघेना.

तालमीत माझी वेळ आली की मी खोकायचे, नाहीतर पाणी प्यायला जायचे. चार दिवसांनी दिग्दर्शकाला खरं सांगून टाकलं. तो हसला नाही, एवढं बरं केलं.

"काकू, आता कोन मानते हे?" म्हणाला.

मी म्हटलं, मीही मानत नाही, पण तोंडातून निघत नाही, तू कवीचं नाव बदल. ते कसं बदलणार? दोन गाण्यांचं यमक त्यावर बांधलेलं, समूहगीतात सगळी पोरं तेच नाव घेऊन घोषणा देतात. मग मी विचारलं, उखाण्यात घेऊ का? दोन ओळी मी जुळवते, म्हातारीच्या तोंडी शोभतील. यावर मात्र अख्खी तालीम हसली, आणि थोड्या वेळानं मीही. शेवटी असं ठरलं की प्रयोगाला नाव घ्यायचंच, तोवर तालमीत जे जमेल ते म्हणायचं, सूर तेवढा लागू द्यायचा.

मला जमत होतं ते एकच. दुसऱ्या दिवशी मी त्या चौकात उभी राहिले, जिथं कवी पडतो त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हटलं, "आयकलं काय?" पोरांची कुजबुज थांबली. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा आवाज फुटला. नर्सिंगची पोरगी ओढणीनं डोळे पुसत होती. दिग्दर्शक म्हणाला, बस, हेच हवं, आता फक्त नावासकट. मी कोणाला बोलावत होते? तो कवी माझा कोण? त्याचं काम करणारा पोरगा तहसीलमध्ये कारकून, माझ्या मुलापेक्षा लहान, आणि त्या वेळी विंगेत बसून आलूबोंडा खात होता. तरी माझा आवाज फुटला होता, आणि तो खोटा नव्हता.

तालीम संपल्यावर दाराजवळच्या खुर्चीवर माझ्या चष्म्याची डबी दिसली. मी ती घरी विसरले होते. शिपाई म्हणाला, तुमचे मालक ठेवून गेले, बराच वेळ दारात उभे होते.

घरी गेले तर हे जेवत होते. मी विचारलं, आत का नाही आलात? हे सुनेकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, दूध उतू जाऊन राह्यलं." मी तिथंच, शेगडीपाशी उभी होते. तेव्हापासून हे माझ्याशी बोलायचे बंद झाले.

यांचा स्वभाव तापट आहे, पण राग चहाच्या एका कपापुरता. हा राग दोन दिवस राहिला, आठवडा राहिला, तुळशीचं लग्न त्यातच गेलं. दुकानात मी मागून हार पुढे करायचे, हे न बघता घ्यायचे. मी मुद्दाम "आयकलं काय" म्हणून पाहायचे, पूर्वी वळायची ती मान आता वळत नव्हती. काय झालं असेल याचे मी नाही नाही ते अंदाज बांधले. गल्लीत कोणी काही बोललं असेल. बायको या वयात भलत्याच माणसासाठी रडते हे पाहून लाज वाटली असेल. कवीचं नाव आपलंच आहे हे कळलं असेल. मग मला राग यायचा, जा म्हणाले तेच ना? आणि राग ओसरला की रडू यायचं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आमच्या वयात अबोला लांबला की अंगवळणी पडतो, मग त्याला कोणी अबोलाही म्हणत नाही. माझ्या मावशीच्या घरी मी ते पाहिलं आहे. नवरा-बायको वीस वर्षं एका छपराखाली राहिली, सुनेच्या मार्फत बोलत. मावशी गेली तेव्हाही काका सुनेलाच म्हणाले, तिला सांग. मला तसं मरायचं नव्हतं.

प्रयोगाला आठ दिवस राहिले तेव्हा मी दिग्दर्शकाला म्हटलं, मला मोकळं कर. तो शाळेच्या पायरीवर बसला. आठ दिवसांत दुसरी म्हातारी कुठून आणणार? घरी येऊन सुनेला सांगितलं.

"तुमी सोडलं त बाबा बोलतीन काय?" तिनं विचारलं.

नाटक सोडलं नाही. पण नाव घ्यायचं की नाही हेही ठरवलं नाही. घेतलं तर हे आणखी दुखावतील असं वाटायचं, न घेतलं तर पोरांची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. रोज सकाळी एक ठरवायचे, संध्याकाळी दुसरं.

नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग अकोल्याला होता, दुपारचा, आणि तोही मार्गशीर्षातल्या गुरुवारी. त्या दिवशी घरोघरी लक्ष्मी मांडतात, हार आणि वेण्या संध्याकाळपर्यंत जात राहतात, फुलवाल्याला पाणी प्यायची फुरसत नसते. अशा दिवशी मी दुकानात नसणार, हा माझा आणखी एक गुन्हा. सकाळी निघायच्या आधी जमतील तेवढे हार ओवले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. "येते" म्हटलं. हे झेंडूच्या पोत्याची गाठ सोडत होते, वर पाहिलं नाही.

नाटक नीट चाललं. समूहगीतात पोरं ते नाव घेऊन ओरडली की विंगेत माझ्या अंगावर काटा यायचा. कवी पडला, लोक पांगले, निळा उजेड आला आणि मी काठी टेकत चौकात आले. समोर नुसता काळोख, कोण बसलंय काही दिसत नव्हतं. म्हातारीला ठाऊक आहे की माणूस मेला आहे, तरी ती का हाक मारते, हे मला सगळ्या तालमींत उमगलं नव्हतं. तिथं उभी असताना मला ती आठवली नाही, कवीही आठवला नाही. माझ्या डोळ्यांपुढे पोत्याच्या गाठीवर वाकलेली यांची मान होती. जिवंत माणूस, रोज दोन हातांवर बसून जेवणारा, आणि ओ देत नाही. मी नाव घेतलं.

आवाज बारीक निघाला, पण पुरं नाव निघालं. आकाश काही कोसळलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मला ते ऐकू आलं, आणि वाटलं, बरं नाव आहे की. तिसऱ्यांदा छातीतून घेतलं, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं असणार.

यानंतर मी मनात दहा आकडे मोजायचे, पूर्ण शांतता ठेवायची, मग पेटी सूर देणार आणि मी शेवटची ओळ गाणार, आता कोणीच ओ देणार नाही अशा अर्थाची. मी मोजत होते. पाचावर असताना काळोखातून, मागच्या बाजूनं, आवाज आला.

"हाव. आलो."

आवाज यांचा होता. आधी एकजण हसला, मग बरेच हसले, आणि मग कोण जाणे का, हसू आपोआप थांबलं. खुर्ची वाजली. हे मधल्या वाटेत येऊन उभे राहिले असावेत, कारण कोणीतरी दबक्या आवाजात बसा, बसा म्हणत होतं. पेटीवाल्यानं सूर दिला. मला ती ओळ म्हणता येईना. कोणी ओ देणार नाही असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ओ तर दिलेली होती. पेटीवाल्यानं पुन्हा सूर दिला, मग तिसऱ्यांदा. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. रडत होते की हसत होते ते माझं मलाच सांगता येत नाही. शेवटी त्यांनी पडदा ओढला.

प्रयोग पडला की उठला हे आमच्यातल्या कोणाला ठरवता आलं नाही. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता. तेवढ्यात एक परीक्षक आत आले आणि प्रेक्षकांत माणूस बसवायची कल्पना कोणाची, म्हणून विचारू लागले. दिग्दर्शकानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी त्याची माफी मागायला गेले तर तो माझ्या पाया पडला, ते का, हेही मी विचारलं नाही. आमचा नंबर आला नाही, एवढं पुढे कळलं.

हे बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे होते, दुकानातल्याच कपड्यांत, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. मी विचारलं, आज गुरुवार, दुकान कोण बघतंय? "सूनबाई बसली," म्हणाले. महिनाभरातलं पहिलं वाक्य. सुनेला शेवंती कोणती आणि अस्टर कोणतं हेसुद्धा कळत नाही.

पोरं सामानाबरोबर टेम्पोनं येणार होती, आम्ही दोघं एसटीनं निघालो. मूर्तिजापूर आलं, गेलं. बाहेर तुरीची शेतं मागे जात होती. मग मीच विचारलं, "महिनाभर काहून बोलले नाई?"

हे पुढच्या सीटच्या दांडीकडे पाहत राहिले. "तू त्याले 'आयकलं काय' म्हणून राह्यली होती."

"मंग?"

"ते माह्यं हाय."

मला आधी हसू आलं, मग शरमेनं कान गरम झाले. नाव तर सगळेच घेतात. भाऊ घेतात, व्यापारी घेतात, पाटी वाचून अनोळखी गिऱ्हाईकही घेतं. माझी ती हाक मात्र यांना एकट्यालाच होती, आणि यांचं नाव राखण्याच्या नादात मी तीच एका आलूबोंडा खाणाऱ्या पोराला देऊन टाकली होती. महिनाभर मी कशाकशाची भीती बाळगली, आणि जे खरंच दुखलं होतं ते माझ्या मनातही आलं नाही. मी यांचा हात धरला. बसमध्ये माणसं होती, यांनी सोडवून घेतला नाही.

तरी एक कोडं उरलं होतंच. मी विचारलं, आज ओ दिली ती नाटक आहे हे विसरून दिली का?

"इसरीन कसा? मले मालूम होतं."

"मंग काहून देली?"

"तू हाक मारली म्हून."

यावर काय बोलायचं ते मला कळेना, आणि कळलं नाही की मी चिडते. मी म्हटलं, पोरांच्या नाटकाचं पार वाटोळं केलंत. ओ द्यायचीच होती तर पहिल्या हाकेलाच द्यायची, मला तीन-तीनदा घसा कशाला फोडायला लावला, की मागे ऐकूच आलं नाही?

बडनेरा मागे पडलं. मग हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पह्यलीच हाक आयकू आली होती. वाटलं, अजून एकदा घेशीन."